गावं आली तर ओढे कुणाचे?

बेळगावच्या खडेबाजारात महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर बोलायला निमित्त लागत नाही. 1 नोव्हेंबर जवळ आला की कापडाच्या दुकानात असो वा चहाच्या टपरीवर, काळ्या दिनाच्या फेरीपासून सुप्रीम कोर्टातल्या 2004 च्या दाव्यापर्यंत सगळं निघतं. 865 गावं, महाजन अहवाल, शाळा, सातबारा, दुकानांच्या पाट्या. खानापूरच्या जंगलाचा आणि नद्यांचा विषय मात्र कुणी काढत नाही. आपल्या चळवळीची ही उणीव मला फार खटकते.

सत्ता बदलते तेव्हा जुन्या सत्तेनं वाटलेल्या हक्कांना वाली मिळतो, कारण त्यात कुणाचा तरी पैसा गुंतलेला असतो. निसर्ग राखण्याची जबाबदारी आधी लिहून ठेवली नसेल, तर ती उचलायला कोणीही पुढे येत नाही.

गोव्याचंच बघा. पोर्तुगीजांनी तिथे खाणींच्या सवलती कायमच्या देऊन टाकल्या होत्या. 19 डिसेंबर 1961 ला राजवट गेली, खाणी चालूच राहिल्या. भारताचा खाण कायदा 1963 मध्ये तिथे लागू झाला, पण त्या सवलती रद्द करून त्यांचे मुदतीचे पट्टे करणारा कायदा यायला 1987 उजाडलं, आणि तोही मागच्या तारखेनं, 20 डिसेंबर 1961 पासून. दरम्यान 1981 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की जुन्या सत्तेनं दिलेला हक्क नवी सत्ता मान्य करेल तेव्हाच तो हक्क. म्हणजे दिल्लीच्या हातात सगळं होतं. तरी हे पट्टे 2007 मध्येच संपले होते, हे ठरायला 2014 चा निकाल लागला. नद्यांत जो तांबडा गाळ जायचा तो तोवर जाऊन बसला होता. अर्थात 1961 मध्ये नव्या सत्तेच्या हाती सोपवावा असा पर्यावरणाचा करारही फारसा नव्हता. स्टॉकहोमची परिषद 1972 ची.

हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेलं त्या वेळी करार होते, आणि तयारीही होती. 1984 च्या संयुक्त घोषणेतच ठरलं की चीन ज्यांत सामील नाही असे करारही तिथे चालू राहू शकतील. तिथली मायपोची पाणथळ ब्रिटननं 1995 मध्ये, हस्तांतराला दोन वर्षं उरली असताना, रामसार यादीत घातली. जून 1997 मध्ये चीननं संयुक्त राष्ट्रांकडे हाँगकाँगला लागू राहणाऱ्या दोनशेहून अधिक करारांची यादीच दिली. जैवविविधता करार मात्र ब्रिटननं हाँगकाँगला लागू केलेला नव्हता. चीन स्वतः त्याचा सदस्य असूनही तो तिथे लागू व्हायला 2011 साल उजाडलं.

जुन्या कागदातले शब्द किती लांब पुरतात, हे आपल्याला तरी सांगायला नको. दादरा-नगर हवेलीच्या वादात 1960 मध्ये हेगच्या न्यायालयानं पेशव्यांचा 1779 चा तह उघडून वाचला आणि मराठ्यांनी पोर्तुगीजांना महसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे, असा निष्कर्ष काढला!

आता खानापूर तालुक्यातलं कणकुंबी. चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याला जाताना जांबोटीनंतर हे गाव लागतं. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच शिवारातला कळसा नाला पश्चिमेला, गोव्यात जाणाऱ्या म्हादईला मिळतो. एकाच डोंगरावरच्या पावसाची अशी दोन समुद्रांत वाटणी होते. मधली तांबडी जमीन खोदून कालवा काढलाय, कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायला. म्हादई लवादानं 2018 च्या निवाड्यात कळसा आणि भांडुरा या दोन नाल्यांतून मिळून 3.9 टीएमसी पाणी वळवायची मुभा कर्नाटकाला दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला एकूण 1.33 टीएमसी. गोव्यासह तिन्ही राज्यं त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली आहेत.

सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगानं खानापूर शहर आणि नंदगड महाराष्ट्राला देऊ केले होते. आपली मागणी त्याहून मोठी आहे. उद्या ती मान्य झाली, तर कर्नाटकाला दिलेलं पाणी महाराष्ट्रातल्या ओढ्यातून निघेल. मग गोव्यानं दाद कुणाविरुद्ध मागायची? आज गोव्याच्या बाजूनं उभा असलेला महाराष्ट्र, उगम हातात आल्यावर तिथेच उभा राहील याची खात्री मला नाही. खानापूरच्या जंगलातलं भीमगड अभयारण्य केंद्रीय कायद्याखाली असल्यामुळे टिकेल. पण आतल्या तळेवाडीसारख्या गावांशी पुनर्वसनाचं बोलणं कर्नाटकाच्या वनखात्यानं केलंय. ते शब्द कोण पाळणार?

हे काढलं की ऐकायला मिळतं, ‘आधी गावं तर येऊ देत की!’ गावं आल्यावर मात्र कोणतंच सरकार स्वतःच्या हातानं स्वतःला बांधून घेत नाही. म्हणून सीमादाव्याच्या निकालाआधीच दोन्ही राज्यांनी कोर्टापुढे एक जोडपत्र ठेवावं. त्यात कळसा-भांडुऱ्याचं महिन्यागणिक मोजलेलं पाणी असावं, भीमगडच्या हद्दीचा नकाशा असावा, स्थलांतरितांना दिलेली वचनं नावनिशीवार असावीत आणि गाव कुठल्याही राज्यात गेलं तरी यातलं काही बदलणार नाही, असं कलम असावं. त्यावर तिसरी सही गोव्याची हवी.