मळलेले हात आणि हलाल कमाई

गेल्या रमजानमध्ये तरावीह आटोपल्यावर मोहल्ल्यातील एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. तो सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीवर काम करतो. पदवी घेतल्यावर दोन वर्षे त्याने एका दुकानात हिशेब लिहिले. आता त्याला त्याच्या दुपटीहून अधिक मिळते. त्याने विचारले, "चाचा, ही कमाई हलाल आहे ना? आणि असले काम करून माझी नमाज होते ना?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे अवघड नव्हती. जो प्रश्न त्याने विचारलाच नाही, तो मला नंतर दुसऱ्याकडून कळला. दोन घरी त्याच्या निकाहाची बोलणी कामाचे नाव निघताच थांबली होती.

नमाजेचे आधी पाहू. नजासतीला हात लागल्याने वुजू तुटत नाही आणि त्यामुळे गुस्लही वाजिब होत नाही. अंगाला व कपड्यांना जे लागले ते धुवावे, स्वच्छ कपडे घालावेत, एवढे पुरे. मात्र कच्चा लसूण किंवा कांदा खाऊन मशिदीत येऊ नये असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे, तेव्हा दुर्गंधीचा विचार शेजारच्या नमाजींसाठी करावाच लागतो. तो तरुण साबणाने अंघोळ करून, अत्तर लावून येतो. आपल्यापैकी कित्येक जण कामावरून थेट येतात, घामाने भिजलेले, आणि त्यांना कोणी काही विचारत नाही!

आता कमाईचे. येथे एक अडचण आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. शिंगी लावून रक्त काढणाऱ्याच्या, म्हणजे हज्जामच्या कमाईला प्रेषितांनी (स.) हिणकस म्हटल्याची हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. रक्त ही नजासत. त्यामुळे आपल्या प्रश्नाशी तिचे नाते उघड आहे. पण त्याच प्रेषितांनी (स.) अबू तैबा या हज्जामकडून स्वतः शिंगी लावून घेतली, त्याला धान्याच्या रूपाने मजुरी दिली आणि त्याच्या मालकांना सांगून त्याच्यावरील वसुलीचा भार हलका करविला. हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांचा युक्तिवाद सरळ आहे: ती कमाई हराम असती तर प्रेषितांनी (स.) ती दिलीच नसती. म्हणून बहुतेक फुकहांनी येथे 'हिणकस' याचा अर्थ 'हराम' असा न घेता 'याहून चांगले मिळाले तर ते बघावे' असा घेतला.

मला या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. कमी प्रतीच्या कामाबद्दलचा सल्ला काम करणाऱ्याला होता. काम करवून घेणाऱ्याच्या वाट्याला वेगळेच कर्तव्य आले: मजुरी पुरती द्यायची आणि त्या माणसाचे ओझे कमी करायचे. आपण नेमके उलट करतो. काम करवून घेतो, पैसे मोजतो आणि हिणकसपणाचा शेरा त्याच्या पाठीवर मारतो.

पगार अधिक का, हेही विचारले पाहिजे. जे काम कोणाला नको असते त्याचा दाम वाढतो. ही वाढ न्याय्य आहे, ती नि:संकोच घ्यावी. परंतु या दामात कधी कधी जिवाची किंमत मिसळलेली असते. टाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास नाहीसा झालासा वाटतो. त्या भरवशावर माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये वा गटारात उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारातील मृत्यूबद्दलची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. जीव ही अल्लाहची अमानत. तो अधिक मजुरीच्या बदल्यात पणाला लावण्याचा अधिकार मजुराला नाही आणि मालकाला तर नाहीच. मी त्या तरुणाला एवढेच बजावले, "पाइप आत जाऊ दे, तू जाऊ नकोस. मालकाने कितीही देऊ केले तरी नाही."

सफाई करणाऱ्यांना आपल्याकडे 'हलालखोर' म्हणत. हे नाव अकबराने रूढ केल्याची नोंद 'आईने अकबरी'त आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही हा शब्द सापडतो. अर्थ काय? हलाल खाणारा. याहून मोठा सन्मान मुसलमानाला कोणता? तरीही लोकांच्या तोंडी हे नाव हेटाळणीचे झाले. शब्द तोच राहिला. तो उच्चारताना मुरडलेले नाक मात्र आपले होते.

निकाहाच्या बाबतीत लोक 'कुफू'कडे बोट दाखवितात. व्यवसायाची बरोबरी हनफी आणि शाफई दोन्ही फिकहांत चर्चिली आहे, हे खरे. पण 'हिदाया'त इमाम अबू हनीफा यांच्याकडून याबाबत दोन मते नोंदली आहेत. व्यवसाय न मोजण्याचे कारण असे दिले आहे की, तो माणसाला कायमचा चिकटलेला नसतो. आज हलका, उद्या चांगला धरता येतो. मोजण्याचे कारण काय? लोक त्याची लाज बाळगतात, एवढेच. म्हणजे सारा आधार आपल्या लाजेवर आहे. शिवाय कुफू हा मुलीचा व वलीचा हक्क; दोघे राजी असतील तर तो सोडता येतो. नकार देणाऱ्या दोन बापांपैकी एकाच्या इमारतीची टाकी हाच मुलगा उपसतो, हे मला माहीत आहे.

प्रेषितांची (स.) मशीद झाडणारी एक स्त्री होती. ती वारली तेव्हा सहाबांनी ही बाब लहान मानून प्रेषितांना (स.) कळविलेच नाही. त्यांनी स्वतः चौकशी केली, कबर दाखविण्यास सांगितले आणि कबरीजवळ तिच्यासाठी नमाज अदा केली.

ही हदीस मी अनेकदा जुम्याच्या बयानात ऐकली आहे. तरीही तीन वर्षांपूर्वी माझ्या घरची टाकी उपसायला गाडी आली, तेव्हा त्या कामगारांना चहा फाटकाबाहेर, वेगळ्या काढून ठेवलेल्या कपांतून दिला गेला. मी ओसरीवर बसलो होतो. मला त्यात काही वावगे वाटले नाही. त्या कामगारांत हा तरुण होता की नाही, मला आठवत नाही. त्याला विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.