गर्भवतीचे गाऱ्हाणे : कृतघ्नता की कर्तव्य?

डॉक्टरांच्या उपचाराविषयी असमाधान वाटणे ही कृतघ्नता आहे काय? प्रश्न साधा आहे. परंतु ख्रिस्ती कुटुंबांत तो सहसा उघडपणे विचारला जात नाही. त्याला कारणही आहे. आपल्या समाजाच्या आठवणीत दवाखाना आणि मंदिर शेजारी शेजारीच उभे आहेत. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. येथे म्हैसुरात वेस्लियन मिशनने १९०६ साली स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय उघडले. होल्ड्सवर्थ यांच्या नावाचे ते रुग्णालय लोकांच्या तोंडी अजूनही ‘मिशन हॉस्पिटल’च आहे. डॉक्टरांच्या हातून देवच काम करतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग त्या हाताविषयी गाऱ्हाणे कसे करावे? आणि गाऱ्हाणे करणारी जर नुकतेच दिवस गेलेली पहिलटकरीण असेल, तर तिच्या मनातले मनातच राहते.

मेटगळ्ळी हा म्हैसूरचा कारखान्यांचा भाग. नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांत तरुण जोडपी पुष्कळ असतात. माहेर दूर, सासर दूर, आणि तपासणीच्या खोलीतील भाषा कानडी किंवा इंग्रजी. दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा. कळ येते, ठणका लागतो, ओटीपोटात ओढ लागते, पोटात गोळा येतो, कंबर भरून येते. यांतील प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो. पत्नी मराठीत सांगते, पती ते मोडक्या इंग्रजीत डॉक्टरांना कळवतो, आणि सगळ्याचे मिळून एकच ‘पेन’ होते. भाषांतराच्या कामात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हे नुकसान चटकन दिसते. येथे केवळ शब्द गळत नाही, लक्षण गळते.

येथील एका तरुण भगिनीने आपली हकिगत सांगितली. आठव्या आठवड्यात तिला थोडे रक्त दिसले. तपासणी काही मिनिटांत आटोपली. ‘सगळे ठीक आहे, काळजी करू नका’ एवढेच तिला सांगण्यात आले. पुढच्या प्रश्नापूर्वी दुसऱ्या रुग्णेला आत बोलावले गेले. दहा दिवसांनी गर्भ गेला. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सोनोग्राफीचा अहवाल समजावून दिला आणि सांगितले, की हे टाळणे कोणाच्याही हाती नव्हते. परिणाम तोच राहिला, बाळ परत आले नाही, तरी ती म्हणाली, “मावशी, त्या दिवशी मला पहिल्यांदा झोप लागली.”

या हकिगतीत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. वैद्यकशास्त्राच्या मर्यादा मान्य केल्याच पाहिजेत. निश्चित झालेल्या गर्भधारणांपैकी सुमारे दहा ते वीस टक्के अकाली संपतात, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. अशा गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो. म्हणजे आरंभीच काहीतरी चुकलेले असते. तो दोष आईच्या जिना चढण्याने निर्माण होत नाही, पपईच्या एका फोडीने होत नाही आणि डॉक्टरांच्या गोळीने दूरही होत नाही. म्हणून दुःख झाले एवढ्यावरून कोणी तरी अपराधी असलाच पाहिजे, असे मानणे न्यायाचे नाही.

परंतु मर्यादा आहे म्हणून जबाबदारी संपते, असेही नाही. गर्भ वाचविणे डॉक्टरांच्या हाती नसेल. रुग्णेचे ऐकणे, तिला तपासणे आणि खरे ते सांगणे हे त्यांच्या हाती असते. शंभरांत एखाददुसऱ्या वेळी गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत रुजतो. तेव्हा पोटाच्या एका बाजूस तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाशी दुखणे, घेरी येणे ही लक्षणे दिसू शकतात, आणि तेथे काही तासांचा विलंबही जिवावर बेततो. अशा वेळी ‘पहिल्या खेपेला असे होतेच’ हे वाक्य धीर देत नाही. ते दार बंद करते.

न ऐकण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे आपल्याच राज्यातील एका लेकीच्या मरणाने जगाला दाखवून दिले. सविता हलप्पनवार या दंतवैद्य. त्यांचे माहेर बेळगावचे. पतीच्या नोकरीमुळे त्या आयर्लंडमधील गॉल्वे येथे राहत होत्या. वय एकतीस, पहिलेच बाळंतपण, सतरावा आठवडा. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी पाठदुखीमुळे त्या तेथील रुग्णालयात गेल्या. गर्भपात अटळ असल्याचे निदान झाले. गर्भजल गेल्यावर त्यांनी गर्भ काढून टाकण्याची विनंती केली; परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असेपर्यंत तेथील कायद्यानुसार ते शक्य नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ‘हा कॅथलिक देश आहे’ अशा अर्थाचे उद्गारही त्यांच्या कानी पडले. ते समजावण्यासाठी बोलले गेले होते, असे संबंधित परिचारिकेने पुढे चौकशीत सांगितले आणि खेद व्यक्त केला. २८ ऑक्टोबरला रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने सविता वारल्या.

गर्भपाताच्या कायद्याविषयी वाचकांची मते भिन्न असतील. आयर्लंडनेही २०१८ साली सार्वमत घेऊन आपली घटना बदलली. परंतु सर अरुळकुमारन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा २०१३ सालचा अहवाल केवळ कायद्याकडे बोट दाखवून थांबला नाही. रुग्णेवर पुरेशी देखरेख ठेवली गेली नाही, वाढत्या संसर्गाचा धोका वेळीच ओळखला गेला नाही, असे त्याने स्पष्ट नोंदविले. म्हणजे ज्याला कोणत्याही पंथाची वा कायद्याची आडकाठी नव्हती, ते साधे लक्ष देणेही कमी पडले. आपण ख्रिस्ती लोकांनी तर यातून विशेष धडा घ्यावा. श्रद्धेचे नाव घेऊन रुग्णेचा प्रश्न थांबविला जातो, तेव्हा त्या श्रद्धेलाच कलंक लागतो.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीची गोष्ट आपल्याला पाठ आहे. मार्क आडपडदा न ठेवता लिहितो, की तिने अनेक वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसले, होते नव्हते ते खर्च केले, आणि गुण येण्याऐवजी तिचा आजार बळावला. लूक स्वतः वैद्य. त्याच्या शुभवर्तमानात हे वाक्य बरेच सौम्य झाले आहे, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत वैद्यांवरील खर्चाचा उल्लेखही नाही. वैद्याने आपल्या व्यवसायबंधूंना थोडे सांभाळून घेतले, असे म्हणून अभ्यासक स्मित करतात. परंतु मार्काच्या मूळ ग्रीक शब्दांत एक गंभीर गोष्ट दडली आहे. या स्त्रीने ‘पुष्कळ सोसले’ असे सांगताना त्याने जे शब्द योजले, तेच पुढे आठव्या अध्यायात मनुष्याच्या पुत्राला पुष्कळ सोसावे लागेल असे सांगताना योजले आहेत. वैद्यांच्या हातून झालेला एका अनाम स्त्रीचा छळ आणि प्रभूचे दुःखसहन यांना शुभवर्तमानकार एकच शब्द वापरतो. तिचे गाऱ्हाणे शास्त्राने लपविले नाही. ते लिहून ठेवले. आणि प्रभू गर्दीत थांबला, तिने सगळी हकिगत सांगेपर्यंत थांबला, जरी याईराच्या घरी मुलगी मरणोन्मुख होती. घाई खरी होती. तरी ऐकणे टळले नाही.

गाऱ्हाणे कसे करावे हे हन्नेकडून शिकावे. एली याजकाने तिचे ओठ हलताना पाहिले, आवाज ऐकला नाही, आणि ती प्यालेली आहे असा निष्कर्ष काढला. निदान चुकले, कारण विचारपूस झाली नाही. हन्ना मुकाट्याने निघून गेली नाही आणि तिने त्याचा अपमानही केला नाही. आदराने, परंतु निःसंदिग्धपणे तिने त्याला सांगितले, की आपण समजता तसे नाही. मी दुःखी आहे. एलीचाही मोठेपणा असा, की त्याने आपले म्हणणे तेथेच सोडले आणि तिला आशीर्वाद दिला.

आपल्या मराठी मुलखात हे धैर्य पंडिता रमाबाईंनी दाखविले. १८८२ साली पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी सांगितले, की या देशातील स्त्रिया आपले दुखणे पुरुष डॉक्टरांपुढे बोलत नाहीत आणि त्यामुळे प्राणास मुकतात. म्हणून स्त्री-डॉक्टर हव्यात. रमाबाई तेव्हा ख्रिस्ती झाल्या नव्हत्या आणि नुकत्याच विधवा झाल्या होत्या. तीन वर्षांनी, १८८५ साली, भारतीय स्त्रियांना स्त्रियांकडून वैद्यकीय साहाय्य मिळावे म्हणून डफरिन फंड स्थापन झाला. स्वतः रमाबाईंना वैद्यक शिकायचे होते. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते राहून गेले. पुढे संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या त्या विदुषीला ऐकू कमी येत असे, पण न बोलणाऱ्या स्त्रियांचे दुःख तिने ऐकले. तिचे ते गाऱ्हाणे कृतघ्नता ठरले असते, तर कितीक माता वाचल्या नसत्या.

तेव्हा असमाधान वाटणाऱ्या भगिनीने प्रथम स्वतःलाच विचारावे, की माझे दुःख कोणत्या प्रकारचे आहे? उपचार योग्य होता, वागणूकही चांगली होती, तरी गर्भ गेला असेल, तर ते गाऱ्हाणे देवापुढे मांडावे. स्तोत्रकर्त्यांनी तेच केले. उपचार योग्य, पण वागणूक कठोर असेल, तर डॉक्टरांनाच शांतपणे सांगावे. कधी कधी बाहेर खोळंबलेल्या साठ रुग्णांच्या ओझ्याने माणूस तुटक बोलतो, आणि सांगितल्यावर सुधारतो. उपचारातच हयगय झाली असेल, तर गप्प राहणे ही नम्रता नव्हे. पुढच्या स्त्रीवरचा तो अन्याय आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे विश्वासघात नाही. आपल्या तपासण्यांचे कागद मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ते मागणीनंतर ७२ तासांत मिळावयास हवेत. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरविले आहे. मात्र डॉक्टरांवर हात उगारणे, दवाखान्याची मोडतोड करणे हा न्यायाचा मार्ग कधीच नव्हे.

आणि मंडळीने काय करावे? अशी भगिनी आपल्यापुढे बोलू लागली, की ‘देवाची इच्छा’ म्हणून तिचे तोंड बंद करू नये. ती इच्छा काय होती हे आपल्याला ठाऊक नसते. तिला काय दुखते ते मात्र विचारता येते. भाषा येणारी एखादी जाणती स्त्री तिच्याबरोबर तपासणीस जावी, प्रश्न आधी कागदावर लिहून न्यावेत, उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारावे. मेटगळ्ळीसारख्या ठिकाणी, जेथे माहेर दूर असते, तेथे मंडळीनेच माहेर व्हावे. डॉक्टरांसाठी आपण प्रार्थना करतो, ती करीतच राहू; पण त्यांना नीट सांगणारी आणि नीट विचारणारी माणसेही तयार करू. उपचारांबद्दल आभार आणि हयगयीबद्दल गाऱ्हाणे ही दोन्ही एकाच प्रामाणिक मुखातून निघू शकतात, आणि देवाला दोन्ही ऐकू येतात.