डिझेल, पेट्रोल आणि प्रमाद

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण साधारण दहापट दाबून ठिणगीने पेटवले जाते. डिझेल इंजिनात मात्र नुसती हवा पंधरा ते वीसपट दाबून इतकी तापवली जाते की तिच्यात फवारलेले डिझेल ठिणगीवाचूनच पेट घेते. या अधिक दाबामुळे डिझेल गाडी तेवढ्याच इंधनात जास्त अंतर कापते आणि दर किलोमीटरमागे सहसा कमी कार्बन डायऑक्साइड सोडते; परंतु इंधन हवेत सर्वत्र मिसळण्याआधीच जळू लागत असल्याने काजळीचे सूक्ष्म कण आणि त्यांच्या जोडीला नायट्रोजनची ऑक्साइडे तिच्यात अधिक निर्माण होतात. पेट्रोल गाडीची हानी पुढील पिढ्यांच्या हवामानावर अधिक पडते, तर डिझेल गाडीची रस्त्याकडेला श्वास घेणाऱ्यावर. अहिंसा मानणाऱ्याने यांतील कोणती आधी टाळावी, हे मायलेजच्या हिशेबाने ठरत नाही.

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केवळ प्राणहानीवर न थांबता प्रमादाशी, म्हणजे असावध वर्तनाशी, जोडलेली आहे, आणि म्हणूनच येथे कर्त्याला काय ठाऊक होते याला मोठे महत्त्व येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवल्यानंतर अजाणतेपणाचा आधार उरलेला नाही. तरीही सर्व डिझेल वाहने एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. जैन आचारशास्त्र श्रावकाला, म्हणजे गृहस्थाला, हेतुपूर्वक केलेली संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य सांगते. उपजीविकेतून घडणारी उद्योगी हिंसा मात्र शक्य तितकी आवरण्यास सांगते. कमी फेऱ्यांतही भरपूर ओढ देणारे इंजिन ज्यांना लागतेच, ते ट्रॅक्टर, मालट्रक आणि एसटी या दुसऱ्या वर्गात बसतात.

शहरातील खासगी मोटारीला तो आधार मिळत नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे डिझेल मोटारींना काजळी अडवणारी गाळणी आली खरी. पण साचलेली काजळी जाळून ही गाळणी मोकळी होण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगाने धावावी लागते, आणि घर ते कचेरी अशा लहान, थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत ते नीट घडत नाही. पेट्रोल गाडीही निर्दोष नव्हे, परंतु तिचा कार्बनचा भार गाडी कमी वापरून मालकाला स्वतः उतरवता येतो. सिग्नलपाशी फुले विकणाऱ्या मुलीला मात्र आपल्या वाट्याची काजळी नाकारण्याचा कोणताही मार्ग नाही, आणि म्हणून तिचा दावा आधी ऐकला गेला पाहिजे.