एकसष्टावे नाव

मुख्याध्यापकाच्या अंगी कोणते गुण असावेत, याची यादी कोणीही सहज करून देईल. शिस्त, वात्सल्य, विद्वत्ता, व्यवहारज्ञान ही त्यातली नेहमीची नावे. परंतु यातले दोन चांगले गुण परस्परांच्या आड आले तर कोणाचे ऐकावे, हे ती यादी सांगत नाही. आणि त्या पदाची खरी परीक्षा तेथेच होते. असा एक प्रसंग येथे विचारासाठी घेतो.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी शिक्षकसंख्येचे कोष्टक आहे. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 मुलांना तीन. राज्यांनी पुढे आपापले नियम केले, तरी कोठे ना कोठे अशी रेघ राहतेच. समजा, एका कोरडवाहू गावातील शाळेचा पट 61 आहे. त्यातील एक मुलगी मागल्या हंगामात आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास अशी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि बेळगावकडील कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्यात परततात. हे कुटुंब मात्र पावसाळ्यातही परतले नाही. आता पट मोजण्याचा दिवस आला आहे. त्या मुलीची उपस्थिती मुख्याध्यापकांनी हजेरीपटावर मांडत राहावी काय?

‘मांडावी’ म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. या नोंदीतून मुख्याध्यापकांच्या खिशात एक पैसाही जात नाही. तिसरा शिक्षक गेला तर पाच वर्ग दोघांच्या गळ्यात पडतील आणि खेड्यातल्या साठ मुलांचे नुकसान होईल. कोष्टक करणाऱ्याने ती मुले पाहिलेली नाहीत. मुख्याध्यापक त्यांना रोज पाहतात. एका निरुपद्रवी असत्याने साठ मुलांचे हित साधत असेल, तर सत्याचा आग्रह हा निव्वळ स्वतःचे हात स्वच्छ ठेवण्याचा अहंकार नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

या युक्तिवादात ‘निरुपद्रवी’ हा शब्द तपासून घेतला पाहिजे. हजेरीपटावर जी उपस्थित आहे, तिचा शोध कोणी घेत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहांची सोय आहे. मूल जेथे जाईल तेथील शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकही दिले जाते. परंतु गावातून गेलेल्या मुलाचा शोध ‘हे मूल येथे नाही’ या नोंदीपासूनच सुरू होतो. साठ मुलांच्या हिताची किंमत एकसष्टावी मुलगी देते, आणि तिला ते कधीच कळत नाही. असत्य ज्यांच्यासाठी बोलले जाते त्यांच्याकडे आपण पाहतो. ज्याच्या नावावर ते लिहिले जाते त्याच्याकडे पाहत नाही.

बडोद्याच्या वाचकांना हा मुद्दा नवा वाटू नये. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. मुले न पाठविणाऱ्या पालकांना त्यात दंड होता. ती सक्ती आज कोणाला कठोर वाटेल. पण मुलाची गैरहजेरी ही राज्याने दखल घेण्याजोगी गोष्ट आहे, हे तिने प्रथम मान्य केले.

शिवाय असे असत्य एकटे राहू शकत नाही. मुलगी उपस्थित म्हटली की मध्यान्ह भोजनाच्या हिशेबात तिचे 100 ग्रॅम धान्य धरावे लागते, तिच्या नावे गुणही भरावे लागतात. वर्गशिक्षकाला रोज ते लिहावे लागते, आणि नाव पुकारल्यावर उत्तर आले नाही तरी हजेरी लागते हे मुले ऐकत असतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यव्यापी पटपडताळणी झाली, तेव्हा असे किती पट फुगलेले होते ते उघड झाले. आता पट आधार क्रमांकाशी जोडल्याने बनावट नाव चढविणे कठीण झाले आहे. पण आपल्या उदाहरणातील मुलगी खरी आहे, तिचा क्रमांकही खरा आहे. खोटी आहे ती फक्त तिची उपस्थिती. ती कोणतेही यंत्र मुख्याध्यापकांच्या विवेकाइतकी ओळखू शकणार नाही.

म्हणून माझ्या मते मुख्याध्यापकांनी 60 हाच आकडा लिहावा. त्याचे बक्षीस मिळेल, असे मात्र मी म्हणणार नाही. मी शासकीय सेवेत आयुष्य काढले आहे. खरा आकडा पाठविणाऱ्याचे पद जाते आणि फुगवलेला पाठविणाऱ्याचे टिकते, हे अनेक कचेऱ्यांना ठाऊक असते. एका नावासाठी शिक्षक काढून घेणारी व्यवस्था प्रामाणिक माणसाला अप्रामाणिक होण्याचे आमंत्रणच देते, आणि त्या दोषातून वरचे अधिकारी सुटत नाहीत. मुख्याध्यापकांनी खरा आकडा लिहावा आणि त्याच कागदावर तिसरा शिक्षक का हवा हेही लिहावे; शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांना ते वाचून दाखवावे. गाव कदाचित त्यांनाच दोष देईल. तो सहन करणे हा या पदाचा भाग आहे.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मराठी शाळांपुढेही हाच मोह उभा असतो. तेथे शिक्षकाच्या पदाबरोबर भाषेचीही काळजी असते, त्यामुळे तो अधिक उदात्त दिसतो. पण घटता पट झाकला, तर तो का घटतो हे विचारण्याची वेळच येत नाही. आपल्यापैकी अनेकजण या शाळांच्या वर्धापनदिनाला आवर्जून जातो आणि नातवंडांना मात्र इंग्रजी शाळेत घालतो. मुख्याध्यापकांनी खरा पट आपल्यापुढे ठेवला, तर त्यात कोणाची नावे नाहीत, हे आपल्याला वाचावे लागेल.