सद्गुणी स्त्रीचे शेत

धार जिल्ह्यात राजगडनजीक मोहनखेडा हे श्वेतांबर जैनांचे तीर्थ आहे. मूळनायक आदिनाथ. त्यांच्या ब्राह्मी व सुंदरी या दोन कन्यांची गणना जैनांच्या सोळा सतींत होते. या दोघी चितेवर चढल्या नाहीत. एकीला पित्याने लिपी शिकविली, दुसरीला गणित, आणि पुढे दोघींनी दीक्षा घेतली, असे परंपरा सांगते. ‘सती’ या शब्दाचा असाही अर्थ होतो, हे त्या मंडपात बसलो असता आम्हांस नव्याने जाणवले. आणि मग ख्रिस्ती लोकांच्या ‘सद्गुणी स्त्री’चे स्मरण झाले.

बायबलातील नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात तिचे वर्णन आहे. ती रात्र सरण्यापूर्वी उठते, सूत कातते, विणलेले वस्त्र विकते, गरिबाला सढळ हाताने देते. आणि शेत पारखून विकत घेते, स्वकमाईतून द्राक्षमळा लावते. आम्ही पडलो वकील. आमची दृष्टी त्या शेतावरच खिळली. विवाहित स्त्रीला स्वतंत्र मिळकत धरण्याचा हक्क इंग्लंडात १८८२ च्या कायद्याने मिळाला. आपल्याकडे हिंदू स्त्रीची मर्यादित मालकी पूर्ण झाली ती १९५६ साली. आणि हा अध्याय पिढ्यान्‌पिढ्या वाचणाऱ्या त्रावणकोरच्या ख्रिस्ती घराण्यांत मुलीला भावाबरोबर वाटा मिळण्यास मेरी रॉय यांच्या खटल्याचा १९८६ चा निकाल यावा लागला! ग्रंथ घरात असणे निराळे आणि त्यातले शेत मुलीच्या नावे होणे निराळे.

या स्त्रीसाठी मुळात योजलेला हिब्रू शब्द ‘हयिल’ हा बळ, पराक्रम, सैन्य या अर्थांनीही येतो. म्हणजे ती ‘सुशील’ खरी, पण आधी समर्थ. उलट संत पौलाच्या पत्रांत पत्नीने पतीच्या अधीन असावे, स्त्रियांनी मंडळीत मौन धरावे, असेही आहे. दोन्ही वचने एकाच ग्रंथातली. मग प्रमाण कोणते?

पंडिता रमाबाईंपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅमला असता त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे, हे बिशपांना रुचेना. रमाबाईंनी ती आज्ञा मुकाट्याने मानली नाही. एका पुरोहितवर्गाचे जू फेकून दुसऱ्याचे घ्यावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता. आपल्या समाजाचा त्यांच्यावरील रोष आम्ही जाणतो. शारदासदनात धर्माबाबत तटस्थता राहील या भरवशावर मुली पाठविणाऱ्या पालकांनी १८९३ साली त्या काढून नेल्या, तेव्हा त्यांची तक्रार अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. विश्वासाने सोपविलेल्या मुलींच्या बाबतीत दिल्या शब्दाला फार मोल असते. पण ज्या बाईने आपल्या शास्त्र्यांना प्रश्न विचारले तिने बिशपांनाही तेच विचारले, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. अधीनता हाच सद्गुण असता तर नव्या धर्मात तिला सुखाने राहता आले असते.

पुढे केडगावला त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली मृत्यू आला तोवर ते काम चालले. ‘हयिल’ हा शब्दही त्यांच्या हाताखालून गेला आणि पौलाचे मौनही. केडगावच्या छापखान्यात त्या भाषांतराचे खिळे जुळविणाऱ्या मुक्तिसदनातल्या स्त्रियाच होत्या.