नाबोथाचा मळा आणि मेळघाटचें रान

अहाब राजानें नाबोथापाशीं त्याचा द्राक्षमळा मागितला, तेव्हां त्यानें आरंभीं कांहीं जुलूम केला नाहीं. याहून चांगला मळा देतों, नाहींतर रोख मोल देतों, असें तो म्हणाला. जगाच्या रीतीनें पाहतां हा सौदा वाजवी होता. तरी तें वडिलांचें वतन असल्यामुळें नाबोथानें नकार दिला. ह्या कथेवर आमच्या मंडळ्यांत उपदेश पुष्कळ होतात. परंतु बहुधा ईजबेलीच्या खोट्या साक्षीदारांविषयींच बोलणें होतें. वाजवी मोल पुढें केल्यावर गरिबास नकार देण्याचा हक्क उरतो कीं नाहीं, हा प्रश्न मागें राहतो. तोच आज आम्ही हातीं घेतों.

मेळघाटचें रान अमरावती जिल्ह्यांत सातपुड्याच्या डोंगरांत आहे. तेथें वाघ राहतो आणि कोरकू लोकहि राहतात. राजेरजवाडे व इंग्रज अंमलदार ह्यांनीं हौसेखातर वाघांची बेसुमार शिकार केली, त्यांत रानेंहि तुटलीं, आणि वाघ नाहींसा होण्याची वेळ आली. म्हणून सन १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, व १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. त्यासाठीं प्रथम निवडलेल्या नऊ रानांत मेळघाट हें एक होतें. हें काम चांगलेंच आहे. सातव्या वर्षीं पडीक ठेविलेल्या शेतांत गरिबांनीं खाऊन जें उरेल तें वनपशूंनीं खावें, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांत आहे. देवानें गरीब व वनपशु ह्या दोघांची आठवण एकाच आज्ञेंत ठेविली. एकासाठीं दुसऱ्यास उठवावें, असें तींत नाहीं.

पुढें वाघास निवांत जागा मिळावी म्हणून रानांतील गांवें बाहेर वसविणें सुरू झालें. संमतीवांचून कोणास उठवूं नये, असें सन २००६ चे कायदे सांगतात. वनहक्कांच्या कायद्याप्रमाणें तर ग्रामसभेनें सर्व समजून घेऊन मोकळ्या मनानें दिलेली संमति लेखी पाहिजे. निघणाऱ्या कुटुंबास दहा लक्ष रुपये ठरले होते, ते २०२१ सालीं पंधरा लक्ष झाले. मुलांची शाळा, दवाखाना, पिकांची नासाडी ह्यांचा विचार करून कांहीं कुटुंबें आपखुशीनें निघतात. त्यांस कोणीं दोष देऊं नये. परंतु जेथें रस्ता व वीज वर्षानुवर्षें अडून राहते, तेथें निघालेला होकार मोकळा म्हणावा काय? बाहेर वसविलेले कांहीं आदिवासी, कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहींत अशी तक्रार करीत, मेळघाटांत परतले. आणि २०१९ च्या जानेवारींत त्यांची व वनखात्याच्या माणसांची झटापट होऊन दोहींकडील लोक जखमी झाले.

आणखी एक गोष्ट आहे. माणसाच्या वस्तीनें वाघास उपद्रव होतो, असें कोरकूस सांगण्यांत येतें. पण व्याघ्र-राखीव रानाच्या गाभ्याचा पांचव्या हिश्शापर्यंत भाग पर्यटकांस खुला ठेवण्याची मुभा २०१२ च्या नियमांनीं दिली. घरधनी तेवढा उपद्रवी आणि मोटारींतून आलेला पाहुणा निरुपद्रवी, हा न्याय आम्हांस समजत नाहीं. कर्नाटकांत बिळिगिरीरंगन टेकड्यांच्या व्याघ्र-राखीव रानांत सोलिगा लोकांचे वनहक्क २०११ सालीं मान्य झाले. २०१० व २०१४ च्या गणना पाहतां तेथील वाघ घटले नाहींत, वाढले. तेव्हां माणूस व वाघ एका रानांत राहूंच शकत नाहींत, असें कोणीं सरसकट म्हणूं नये.

तर मग मोल वाजवी असलें म्हणजे घेणें न्यायाचें होतें काय? आमच्या मतें तेवढ्यानें होत नाहीं. मागणें हें पाप नव्हे. अहाबानें मागितलें एवढ्यापुरता तो दोषी नव्हता. नकार ऐकून तो तोंड फिरवून निजला व जेवेना, तेथें पापास दार उघडलें. नाहीं म्हणणाऱ्याचें जेथें कांहीं वाईट होत नाहीं, तेथेंच होय म्हणण्यास अर्थ असतो. जे उपदेशक व मास्तर रानालगतच्या गांवांत सेवा करितात, त्यांनीं, शेजारी ख्रिस्ती असो वा नसो, ग्रामसभेंत हे कायदे मोठ्यानें वाचून दाखवावे, आणि न समजलेल्या कागदावर कोणास अंगठा उठवूं देऊं नये. राजाच्या मोहरेचें पत्र आलें तेव्हां नाबोथाच्या गांवच्या वडील मंडळीनें तें मुकाट्यानें मानलें. त्यांच्या पंक्तीस आम्ही बसूं नये.