काळ आणि वेळ

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे आमचं घर पडलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. किल्लारीपासून जवळच, औसा तालुक्यात आमचं गाव. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. चार वाजायला चार-पाच मिनिटं असताना मला लघवीला लागली. एरवी मला अंगणात आजी न्यायची. त्या रात्री तिचे गुडघे धरले होते, म्हणून आई उठली. आम्ही दोघी अंगणात असतानाच जमीन हलली आणि दगडी भिंतींसकट वरचं माळवद आजीवर बसलं.

त्यानंतर गावात माझ्याकडे बघून लोक म्हणायचे, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ आजीचा विषय निघाला की तीच माणसं म्हणायची, ‘तिची वेळ भरली होती.’ दोन्ही वाक्यं मायेनं म्हटलेली असायची. पण कळायला लागलं तशी ती मला टोचू लागली. भिंत एकच, रात्र एकच. मग माझी वेळ आली नव्हती आणि आजीची भरली होती, हे ठरवलं कुणी? देवानं? आजीच्या गुडघ्यांनी? की ती भिंत रचणाऱ्या गवंड्यानं?

भूकंप साधारण ६.२ तीव्रतेचा होता. जगात एवढ्या तीव्रतेचे भूकंप दरवर्षी होतात आणि त्यातले बरेचसे फार माणसं न मारता जातात. आमच्याकडे आठ-दहा हजार माणसं गेली. आमची घरं म्हणजे गोट्यांच्या जाड भिंती नुसत्या चिखलात रचलेल्या, त्यावर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहावं, पावसाळ्यात गळू नये म्हणून त्या थरावर पुन्हा पुन्हा माती पडायची. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तग धरून राहिला तिथं काही माणसं वाचली. ‘देव कोपला’ असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला आज दिसतं ते असं : काळ जमिनीखालून आला, पण वेळ आमच्या छपरावर वर्षानुवर्षं टोपल्याटोपल्यानं साठत होती.

आज मी १०८च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. आधी काही वर्षं नांदेड जिल्ह्यात होते, आता लातूर जिल्ह्यात. २०१४च्या जानेवारीत राज्यात ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या : २३३ अ‍ॅडव्हान्स, ७०४ बेसिक. प्रत्येक गाडीवर डॉक्टर असतो, हे आपल्या राज्याचं वेगळेपण. आमच्यातले बरेच जण आयुर्वेद शिकलेले आहेत, मीही त्यातलीच. माझ्या गाडीचे पायलट, म्हणजे चालक, वयानं मोठे आहेत, त्यांना मी काका म्हणते. ते मला मॅडम म्हणतात, आणि फार वाईट केस असली तर ‘बाई’.

प्रत्येक कॉलनंतर एक फॉर्म भरावा लागतो. कॉल कधी आला, गाडी कधी निघाली, जागेवर कधी पोचली, दवाखान्यात कधी पोचली. वेळेचे हे सगळे रकाने. काळासाठी रकाना नाही. सुरुवातीला हे मला कारकुनी काम वाटायचं. आता वाटतं, माझ्या लहानपणच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या फॉर्मात आहे. थांबलेल्या हृदयाला छाती दाबून आणि शॉक देऊन चालू करायला उशीर झाला, तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आली : जबर इजेनंतरचा पहिला एक तास. म्हणजे वेळ कपाळावरच लिहिलेली असते असं नाही. ती मिनिटामिनिटानं खर्च होते, आणि बऱ्याचदा माणसांच्याच हातून.

उरलेलं अर्धं उत्तर मी नांदेडच्या आयुर्वेद महाविद्यालयात वाचलं होतं, पण तेव्हा परीक्षेपुरतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, साथीच्या रोगांनी गावंच्या गावं कशी उजाड होतात ते सांगून झाल्यावर अग्निवेश गुरूंना सरळ विचारतो : माणसाचं आयुष्य आधीच ठरलेलं असतं की नसतं? आत्रेय म्हणतात, दैव आणि पुरुषार्थ दोन्ही मिळून आयुष्य ठरतं. सगळंच ठरलेलं असतं, तर कुणी औषध घेतलं नसतं, पिसाळलेल्या जनावराला, पुराला, विषाला कुणी घाबरलं नसतं. पुढं अकाली मरण म्हणजे काय हे सांगताना ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगल्या लाकडाचा आस नीट वापरला तर झिजत झिजत आपल्या वेळेला संपतो. पण तोच आस ओझं जास्त झालं, रस्ता खाचखळग्यांचा असला, चाक मोडलं, बैल किंवा गाडीवान चुकला, खीळ निसटली, वंगण मिळालं नाही, तर मधेच मोडतो.

पहिल्यांदा गाडीवर रुजू झाले आणि नांदेड जिल्ह्यातल्या एका खडबडीत रस्त्यावर रुग्णाचं डोकं दोन हातांनी धरून बसले, तेव्हा हा दाखला मला आठवला. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी वैद्यानं मरणाच्या कारणांमध्ये वाईट रस्ता धरला होता! दैव नाकारून त्यानं हे म्हटलं नव्हतं. दैवाच्या नावावर काय घालू नये, एवढं सांगितलं होतं.

पण जागेवर हे सांगणं सोपं नसतं. मुखेड तालुक्यातली एक केस मी विसरू शकत नाही. वस्तीवर घरीच बाळंतपण झालं होतं, रात्री नऊच्या सुमारास. कॉल पडला पावणेअकराला. आम्ही पोचलो तेव्हा ती पोर भिंतीला टेकून बसवलेली होती, खाली पोत्यावर लुगड्याच्या घड्या, एक भिजली की दुसरी. बाळ आत आजेसासूच्या मांडीवर रडत होतं. पोरीचा हात हातात घेतला तर गार, घामानं चिकट, नाडी सुतासारखी. बीपी लागेना. तिला आडवं केलं, पाय वर घेतले, पोटावरून गर्भाशय चोळायला घेतला, दोन्ही हातांना मोठ्या सुया लावून सलाईन सोडलं, ऑक्सिटोसिन दिलं. तिची सासू दारात उभी होती. ती मला म्हणाली, “कशाला एवढी धडपडायलीस माय? नशिबात असंल तसं हुईल.”

ती दुष्ट नव्हती. तिनं स्वतःची दोन बाळंतपणं त्याच भिंतीला टेकून काढली होती. पण त्या घटकेला तिचं वाक्य माझ्या हातांवर दगडासारखं पडलं.

प्रसूतीनंतरचा जोरदार रक्तस्राव दोन तासांत बाईला संपवू शकतो. १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन संशोधक बायकांनी माता का दगावतात याचा विचार करून तीन उशीर सांगितले. मदत घ्यायची हे ठरवायला झालेला उशीर, तिथवर पोचायला झालेला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. त्या रात्री घरात कर्ता पुरुष नव्हता, म्हणून पाऊण तास कुणी ठरवलं नाही. मग कुणाची तरी जीप मिळेल म्हणून वाट पाहिली. मग फोनला रेंज मिळावी म्हणून एक पोरगा टेकाडावर गेला. ‘तिची वेळ’ म्हणतात ती या सगळ्याची मिळून झालेली होती. पोरगी दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत गेली. रक्ताची पिशवी लागण्याआधी गेली.

मरणाच्या जागी वेळेइतकाच दुसरा एक शब्द नेहमी कानावर येतो : कर्म. अहमदपूर ते लोहा रस्त्यावर एका रात्री दारू प्यायलेल्या माणसानं गाडी एका मोटारसायकलवर घातली. मोटारसायकलवर नवरा-बायको. नवऱ्याला खरचटलं होतं, बायकोची मांडी मोडली होती, पण ती शुद्धीवर होती, बोलत होती, नाडी चांगली होती. गाडीवाला स्टिअरिंगवर पडलेला, तोंडात रक्त भरलेलं, श्वास घरघरत होता. गर्दी ओरडत होती, “आधी बाईला घ्या, त्याला मरू द्या त्याच्या कर्मानं!” मी बाईच्या पायाला आधार देऊन बांधलं, दुसरी गाडी मागवली आणि त्या माणसाकडे वळले. मान सांभाळून त्याला काढायचं होतं, तोंडातलं रक्त सक्शननं ओढायचं होतं, आणि उजेड नव्हता. मी त्या नवऱ्यालाच म्हटलं, “भाऊ, मोबाईलची बॅटरी इकडं धरा.” त्यानं धरली. तोंडानं त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू होता, पण हातातला उजेड हलला नाही. तो माणूस वाचला.

माझ्या मनातही तेव्हा प्रश्न होता, हे मला कबूल केलं पाहिजे. मुखेडची ती पोर गेली होती आणि हा वाचला होता. पण कुणाच्या कर्माचं फळ काय, हे मला दिसत नाही. त्याचा श्वास अडला आहे, एवढंच दिसतं. सर्वोच्च न्यायालयानंही १९८९मध्ये परमानंद कटारा खटल्यात हेच सांगितलं : समोरचा निरपराध असो की गुन्हेगार, आधी जीव वाचवायचा. आणि मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांत अडकवायचं नाही, याला २०१६च्या निकालानं आणि नंतर २०१९च्या कायद्यानं आधार दिला. रस्त्यावर नुसते बघत उभे राहतात त्यांना मी हे आवर्जून सांगते.

कायद्याच्या कितीतरी आधी हे उत्तर एका भिस्त्यानं दिलं होतं. नांदेडला असताना ड्यूटी संपली की मी कधीकधी हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जाऊन बसायचे. तिथं भाई कन्हैयांची गोष्ट ऐकली. १७०४च्या सुमाराची आनंदपूरची लढाई. भाई कन्हैया पखाल घेऊन रणात पडलेल्या जखमींना पाणी पाजत होते, शिखांना आणि शत्रूलाही. तक्रार गुरू गोबिंदसिंगांपर्यंत गेली : आपण ज्यांना पाडतो त्यांना हा उठवतो. गुरूंनी विचारल्यावर कन्हैया म्हणाले, मला तिथं शत्रू-मित्र दिसत नाहीत, सगळीकडे तुमचाच चेहरा दिसतो. गुरूंनी शाबासकी दिली आणि हातात मलम दिलं : आता पाण्याबरोबर जखमांना हेही लाव. आमच्या पैठणच्या एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी लावली, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

मला त्यातलं मलम फार महत्त्वाचं वाटतं. गुरू नुसते कौतुक करून थांबले नाहीत. समदृष्टीला त्यांनी सामान दिलं. चार वर्षांनी, १७०८मध्ये, तेच गुरू नांदेडला गोदावरीकाठी जखमी होऊन पडले. परंपरा सांगते की जखम शिवली होती, भरतही आली होती, पण धनुष्य ओढताना टाके उसवले. ज्या गावात गुरूंची जखम शिवली गेली, त्या गावात मी जखमा बांधायला शिकले, याचं मला फार अप्रूप वाटतं. सगळ्यांत एकच चेहरा दिसणं हा धर्म आहे. पण रक्ताची पिशवी, भरलेला ऑक्सिजन सिलेंडर, टेकाडावर न चढता मिळणारी रेंज, खड्डे नसलेला रस्ता, हे त्या धर्माचं मलम आहे. ते नसेल तर दया कोरडीच राहते.

मग दैवाला काहीच जागा नाही? आहे. ती कुठं आहे हे मला मुखेडच्या त्याच रात्री कळलं. दवाखान्याच्या पायरीवर त्या पोरीची आई बसली होती. माहेराहून पहाटे पोचली होती. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, “वेळच भरली होती का गं माय, माझ्या लेकीची?” सासूच्या वाक्याचा अर्थही हाच होता. पण सासूनं ते नाडी चालू असताना म्हटलं होतं, आणि आई लेकीवर चादर ओढल्यावर विचारत होती. पहिलं वाक्य हात थांबवणारं होतं, दुसरं फुटलेल्या माणसाला उभं राहायला आधार मागणारं. मी पाऊण तासाचा हिशोब त्या माऊलीपुढं मांडला नाही. तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, “हो मावशी.”

मग गाडीत येऊन फॉर्म भरला. कॉल, निघणं, पोचणं, दवाखाना, सगळ्या वेळा खऱ्या लिहिल्या, आणि कॉल यायच्या आधी घरात किती वेळ गेला तेही शेऱ्यात लिहिलं. मला त्यात खोटेपणा वाटला नाही. आईला मी दिला तो दिलासा होता, आणि फॉर्म पुढच्या पोरीसाठी होता. दैव हा शब्द सगळं करून झाल्यावर, गेलेल्याच्या माणसांनी उच्चारायचा. श्वास चालू आहे तोवर त्यानं दाराबाहेर थांबायचं.

आमचं गाव आता नव्या जागेवर आहे. आई अजूनही कुणी अपघातातून वाचलं की ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ म्हणते, आणि मनापासून म्हणते. पण दरवर्षी मृगाआधी ती शिडी लावून घरावर चढते आणि छतावर साठलेली माती, पाचोळा झाडून खाली लोटते. आता तिचेही गुडघे दुखतात. मी म्हणते, राहू दे, मी करते. ती ऐकत नाही. मी खाली उभी राहून शिडी धरते.